पुण्यातील वर्गणीची पायपीट



आपल्या विद्यार्थी साहाय्यक निधीसाठी ह्या वर्षी पदयात्रा काढावी, अशी सूचना आपल्या तरुण सभासदांनी कार्यकारिणीपुढे आणली, तेव्हा आम्हां वडीलधाऱ्यांपैकी बहुतेकांच्या कपाळास आठ्या पडल्या, हे प्रथमच कबूल केलेले बरे. योजना अशी होती : प्रत्येक चालणाऱ्याने आपल्या ओळखीच्या दहापाच कुटुंबांकडून 'दर किलोमीटरमागे इतके रुपये' असे वचन आधी घ्यावे, ठरल्या दिवशी ठरलेली वाट चालावी, आणि मग जितके अंतर तुटले असेल तितकी रक्कम गोळा करून निधीत भरावी. एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "द्यावयाचे असतील तर बसल्या जागी द्यावेत, त्यासाठी मुलांचे पाय कशाला दुखवायचे?" दुसऱ्यांनी ही सारी परदेशी टूम आहे असा शेरा मारला. तिसरी अडचण मात्र खरी होती आणि तिला कोणाजवळच उत्तर नव्हते. ती म्हणजे रविवार मोकळा सापडेना. एका रविवारी सभासदांच्या घरी दोन लग्ने, दुसऱ्या रविवारी मुंज, तिसऱ्या रविवारी आपलाच गुणगौरव समारंभ. त्यापुढच्या रविवारी केळवणे, डोहाळजेवणे, साठीशांती आणि शाळांची स्नेहसंमेलने. तीन वेळा तारीख ठरली आणि तीनही वेळा मोडली. अखेर, ह्या विषयाचा पूर्वेतिहास कोणीतरी पाहावा असे ठरून ते काम आम्हांकडे आले. आम्ही जे वाचले आणि जे घरातून ऐकत आलो, ते येथे मांडीत आहो.

परदेशी टूम ह्या शब्दांत थोडे तथ्य आहे. चालण्याच्या अंतरावर वर्गणी बांधून घेण्याची पद्धत गेल्या शतकाच्या सातव्या दशकात पाश्चात्त्य देशांत पसरली. कॅनडाच्या शताब्दी वर्षी, १९६७ साली, तेथील शहरांतून 'माइल्स फॉर मिलियन्स' ह्या नावाच्या मोठ्या पदयात्रा निघाल्या आणि शाळकरी मुले मैलामागे काही सेंट ह्या बोलीवर मैलच्या मैल चालली. १९६९ साली अमेरिकेत भुकेल्यांच्या मदतीसाठी तशाच यात्रा सुरू झाल्या. ही कागदावरची रीत आपल्याकडे तेथूनच आली, हे मान्य. परंतु पैसा मागावयाचा तो पायी हिंडून, दारोदार जाऊन, आणि देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आपले कष्ट ठेवून, ही गोष्ट पुण्यास नवी नाही. आषाढीपूर्वी ज्या शहरातून ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या जातात, तेथे चालणाऱ्याच्या पायाला मान आहेच. आमचा विषय मात्र देवाच्या वारीचा नाही. तो वर्गणीच्या वारीचा आहे, आणि तिचे सर्वांत मोठे वारकरी म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे.

अण्णासाहेबांचे चरित्र आपल्या घराघरांत ठाऊक आहे, म्हणून ते सगळे सांगत बसत नाही. त्यातील चालण्यापुरतेच पाहू. १८५८ साली जन्मलेला हा कोकणातील मुरुडचा मुलगा सतराव्या वर्षी परीक्षेस बसण्यासाठी मुरुडहून साताऱ्यास पायी गेला. शंभर मैलांहून अधिक वाट, सह्याद्रीचा घाट आणि खांद्यावर सामान. तेथे पोहोचल्यावर, वय लहान दिसते, ह्या कारणाने त्यास परीक्षेस बसू दिले नाही. एवढे चालून रिकाम्या हाताने परतण्याचा जो पहिला धडा त्यांस मिळाला, तो पुढे वर्गणी मागताना फार उपयोगी पडला असावा. वर्गणी मागणाऱ्याच्या दहा खेपांतील सहा तरी अशाच असतात.

१८९१ साली अण्णासाहेब फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविण्यासाठी पुण्यास आले. त्याच वर्षी त्यांच्या प्रथम पत्नी निवर्तल्या. १८९३ च्या मार्च महिन्यात त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाई ह्या विधवेशी विवाह केला. ह्याच गोदूबाई पुढे आनंदीबाई म्हणजेच बाया कर्वे म्हणून प्रसिद्धीस आल्या. आता जी गोष्ट सांगावयाची ती ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत सांगताना लेखणी किंचित अडखळते, पण ती टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. मुरुडास सभा भरली आणि धोंडोपंतांवर बहिष्कार घालण्याचा ठराव झाला. त्यांच्याबरोबर कोणी एका बैठकीस बसू नये, आणि आईने व भावाने त्यांस घरात ठेवून घेतल्यास त्यांनाही वाळीत टाकावे, असे ठरले. ज्या मुरुडच्या सुधारणेसाठी मुंबईस नोकरी करीत असताना त्यांनी 'मुरुड फंड' उभारला होता, त्याच गावाने हे केले. ही सभा आपल्या ज्ञातीची होती की दुसऱ्या कोणाची, हा मुद्दा येथे गौण आहे. त्या काळी कोणत्याही ज्ञातीने ह्याहून वेगळे केले असते, असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस होत नाही.

तीन वर्षांनी, १८९६ च्या जून महिन्यात, अनाथ बालिकाश्रम मंडळीची स्थापना झाली. अध्यक्षस्थान डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी स्वीकारले आणि अण्णासाहेबांनी स्वतःच्या शिलकेतील एक हजार रुपये दिले. प्राध्यापकाच्या वेतनावर प्रपंच चालविणाऱ्या माणसाने एक हजार देणे म्हणजे काय, ह्याचा हिशोब वाचकांनी त्या काळच्या धारणेवरून करावा. पुढे त्यांनी आपली पाच हजारांची विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे करून दिली. घरात बाया कर्व्यांस त्यामुळे किती ओढाताण सोसावी लागली, हे त्यांनी आपल्या 'माझे पुराण' ह्या १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात आडपडदा न ठेवता सांगितले आहे. निधी जमविणाऱ्याच्या घरी काय चालले आहे, हे इतिहासात सहसा येत नाही; ह्या पुस्तकात ते आले आहे. आमच्या भगिनींनी ते अवश्य वाचावे, आणि निधीच्या कामात उडी घेणाऱ्या पुरुषांनी तर आधी वाचावे.

मंडळी स्थापन झाली त्यानंतरच्या वर्षी पुण्यात प्लेग आला. शहर ओस पडू लागले. आश्रम प्रथम गावात होता. १९०० साली तो शहराबाहेर हिंगण्यास हलविण्यात आला. रावबहादुर गोखले ह्यांनी तेथे जमीन दिली होती, तीवर एक झोपडी उभी राहिली. ज्या जागेस आज आपण कर्वेनगर म्हणतो आणि जेथे रिक्षावालाही संध्याकाळच्या गर्दीत येण्यास नाखूष असतो, तेथे त्या वेळी शेते, चिखल आणि पायवाट होती. अण्णासाहेबांची नोकरी फर्ग्युसन कॉलेजात आणि आश्रम सुमारे चार मैलांवर. कॉलेजचे तास संपले की लागणारे सामानसुमान बरोबर घेऊन हिंगण्यास चालत जावयाचे, रात्री तेथील मुलींस शिकवावयाचे व व्यवस्था पाहावयाची, आणि सकाळी पुन्हा चालत कॉलेजास यावयाचे, असा क्रम त्यांनी बराच काळ चालविला. जाऊन येऊन आठ मैल. वर्षाचे दोनशेच दिवस धरले तरी सोळाशे मैल होतात, म्हणजे पुण्याहून काशीस पायी जाऊन परत येण्याइतके. आणि ही झाली केवळ आश्रमापर्यंतची वाट, वर्गणीची निराळीच.

वर्गणीची वाट म्हणजे काय, हे समजण्यास त्या काळच्या नाण्यांचा हिशोब आठवावा लागेल. १९५७ च्या एप्रिलमध्ये नवे पैसे आले, त्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते. म्हणजे एकेका दारी एक पैसा मिळाला तर चौसष्ट दारे चढावीत तेव्हा एक रुपया पदरी पडे. सदाशिव, नारायण, शनिवार आणि कसबा ह्या पेठांतील वाड्यांचे जिने ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस चौसष्ट दारे म्हणजे काय ते वेगळे सांगावयास नको. अंधाऱ्या जिन्याची दोरी धरून वर जावे, तर वरून 'कोण आहे' असा आवाज यावा. आपण संस्थेचे नाव सांगावे. आणि मालक बाहेर गेले आहेत, असे खुद्द मालकांच्याच आवाजात ऐकून खाली उतरावे.

ह्याच पैशाच्या गणितावर अंताजी दामोदर काळे ह्यांनी एक अजब योजना उभारली. प्रत्येक माणसाने वर्षातून फक्त एक पैसा द्यावा आणि त्यातून स्वदेशी उद्योग काढावा, ही ती कल्पना. लोकांनी आरंभी तिची थट्टा केली. लोकमान्य टिळकांनी मात्र पाठिंबा दिला, अंताजीपंत गावोगाव हिंडले, आणि ह्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना सुरू झाला. पुण्याहून मुंबईस जाताना आगगाडीतून तळेगाव दिसले म्हणजे आम्हांस अजून ही गोष्ट आठवते. एक पैसा देण्यास कोणी नाही म्हणू शकत नाही, ही त्या योजनेतील खरी मेख होती. अडचण एवढीच की एक पैसा मागण्यास जितका वेळ लागतो, तितकाच शंभर रुपये मागण्यास लागतो.

अण्णासाहेबांपुढे ह्याहून मोठी अडचण होती. त्यांचे नावच दार बंद करण्यास पुरेसे होते. ज्या घरी विधवा बहीण किंवा सून आहे, त्याच घरास आश्रमाची गरज; आणि तेच घर पुनर्विवाह केलेल्या माणसास उंबऱ्याच्या आत घेण्यास सर्वांत नाखूष. ह्यावर त्यांनी जो तोडगा काढला, त्यावरून त्यांस दोन्ही बाजूंनी बोल लागला. आश्रमात विधवांस शिक्षण मिळेल, पुनर्विवाहाचा प्रचार तेथे होणार नाही, असे त्यांनी जाहीर केले आणि ते पाळले. पुनर्विवाहाच्या चळवळीतील आपले प्रत्यक्ष कामही त्यासाठी आवरते घेतले. कट्टर सुधारकांस ही माघार वाटली. सनातन्यांचा संशय तरीही पुरता फिटला नाही. आम्हांस विचाराल तर ह्या एका निर्णयाने हिंगणे उभे राहिले. वर्गणी मागणाऱ्याने आपली सर्व मते एकाच पावतीपुस्तकात बांधू नयेत, हे त्यांस पुरते उमगले होते. परंतु ह्याची किंमतही होती आणि ती स्पष्ट सांगितली पाहिजे. आश्रमातील पहिल्या पिढीच्या मुली बहुतेक ब्राह्मण घरांतील होत्या. ज्या घरांस सांभाळून घ्यावयाचे ती घरे सांभाळली गेली. ज्या घरांस कोणी सांभाळून घेत नव्हते, त्यांची मुले पुढे पुष्कळ दिवस बाहेरच राहिली. त्यांच्यासाठी १९०६ साली महर्षी विठ्ठल रामजी शिंदे ह्यांस निराळी मंडळी काढावी लागली.

जी दारे अण्णासाहेबांस उघडत नव्हती, ती पार्वतीबाई आठवले ह्यांस उघडली. पार्वतीबाई ह्या बाया कर्व्यांच्या भगिनी. १८७० साली जन्म, विसाव्या वर्षी वैधव्य, पदरी एक मुलगा. वयाने मोठ्या झाल्यावर त्या पुण्यास आल्या, मुळाक्षरांपासून शिकल्या आणि आश्रमाच्या कामास लागल्या. केशवपन केलेली, जुन्या वळणाची, साध्या लुगड्यातील ही बाई माजघरापर्यंत सहज जाई, कारण तिच्याकडे पाहून कोणास सुधारणेचे भय वाटत नसे. पुरुषांच्या सभेत ज्या विषयावर आवाज चढत, तोच विषय ती स्वयंपाकघराच्या दाराशी बसून घरगुती मराठीत सांगे. पुढे त्यांनी स्वतःच्या विचाराने केशवपनाची चाल सोडली. 'माझी कहाणी' ह्या १९२८ च्या पुस्तकात हा सगळा प्रवास आहे. १९१८ साली, पन्नाशी जवळ आलेली असताना आणि इंग्रजी धड येत नसताना, त्या एकट्या अमेरिकेस गेल्या. तेथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या, आणि आश्रमासाठी बोलत व मागत दोन वर्षांनी परत आल्या. आपल्या पदयात्रेच्या आठदहा किलोमीटरांचा विचार करताना हे लक्षात असू द्यावे.

आता 'सामाजिक गडबडीचे दिवस' ह्या आपल्या अडचणीकडे वळू. आजच्या पिढीचा समज असा की, पूर्वीच्या लोकांस वेळच वेळ होता. हा समज निखालस खोटा आहे. त्या काळच्या पुण्याचे वर्ष पाहा. चैत्रात गौरीचे हळदीकुंकू, कैरीची डाळ आणि पन्हे. उन्हाळ्यात लग्नसराई, मुंजी आणि १८७५ साली सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला. आषाढात पालख्या. श्रावणात मंगळागौरी, सत्यनारायण, सवाष्ण-ब्राह्मण. भाद्रपदात गणपती, त्यांचे मेळे व व्याख्याने, मग पितृपक्ष. आश्विनात भोंडला, नवरात्र, दसरा. पाठोपाठ दिवाळी व तुळशीची लग्ने. मार्गशीर्षापासून पुन्हा लग्ने. ह्यांखेरीज कीर्तने, पुराणे, नाटके आणि सभा. पुणेकरांस सभेचे व्यसन होते असे म्हटले तरी चालेल. आणि ह्या सर्वांत प्रत्येक घर दुसऱ्या घराचे देणे लागे : आहेर, ओटी, परत भेट, मानपान. वर्गणी मागणारा दारी येई तेव्हा त्या घरी बहुधा काहीतरी चाललेलेच असे.

ज्यांस हे कळले त्यांनी गडबड टळण्याची वाट पाहिली नाही. गडबडीतच शिरकाव केला. पुण्यात लग्नामुंजीच्या वेळी संस्थांस चार रुपये देण्याची आणि ती देणगी वर्तमानपत्रात छापून येण्याची चाल रुळली ती अशीच. ह्या बाबतीत सर्वांत सुंदर कल्पना हिंगण्याच्या संस्थेची. दिवाळीत भाऊ बहिणीस ओवाळणी घालतो. तेव्हा घरच्या बहिणीबरोबर संस्थेत शिकणाऱ्या एका अनोळखी बहिणीसही भाऊबीज घालावी, असे आवाहन करून संस्थेने भाऊबीज निधी सुरू केला. वर्गणी म्हटली की माणूस हिशोब करतो. ओवाळणी म्हटली की हिशोब करण्याची त्यास लाज वाटते. स्त्रिया पावतीपुस्तके घेऊन दारोदार जात, आणि आजही दिवाळीच्या सुमारास पुण्यात भाऊबीजेची पावती फाडली जाते.

आमच्या घरची एक आठवण येथे सांगितली तर वाचक रागावणार नाहीत. आमच्या आजीच्या काळी वाड्यात दिवाळीच्या दिवसांत भाऊबीज निधीच्या एक बाई येत. पहिल्या खेपेस आजीचे हात चकल्यांच्या पिठात होते. तिने "उद्या या" म्हटले. दुसऱ्या दिवशी पाहुणे होते. पुन्हा "उद्या या". तिसऱ्या दिवशी बाई आल्या, त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर नुसत्या टेकल्या, काही बोलल्या नाहीत. धाप लागली होती. आजीने पाणी दिले आणि सवयीने विचारले, "किती घरे झाली आज?" बाईंनी आकडा सांगितला. तो आकडा आजी आम्हांस दर दिवाळीस निरनिराळा सांगे, म्हणून येथे देत नाही. पण त्या दिवसापासून तिने एका पितळी डब्यात भाऊबीज आधीच काढून ठेवण्यास आरंभ केला. आजोबा जुन्या मताचे. त्यांस तो डबा ठाऊक होता आणि तो ठाऊक नसल्याचे ते शेवटपर्यंत दाखवीत राहिले. तीन खेपा आपण त्या बाईंस जिने चढावयास लावले, ही खंत आजीच्या मनात अखेरपर्यंत होती. 'बसल्या जागी द्यावेत' असे म्हणणाऱ्या आमच्या ज्येष्ठ मित्रांस आम्ही ही गोष्ट सांगितली. ते म्हणाले, ह्यावरून उलट असेच ठरते की चालणाराने चालू नये, देणाराने आधी द्यावे. तर्क बिनतोड आहे. पण त्या बाई जिना चढून आल्या नसत्या तर डबा निघाला नसता, हेही तितकेच खरे.

मोठ्या देणगीची गोष्ट निराळी. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती एका पुस्तिकेत वाचून अण्णासाहेबांनी १९१५ च्या सामाजिक परिषदेत महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ साली ते सुरूही केले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी ह्यांनी आपल्या मातोश्रींच्या नावे त्यास पंधरा लक्ष रुपये देऊ केले. पैशांत मांडले तर ही रक्कम नऊ कोटी साठ लक्ष पैसे होते. तितकी दारे त्या वेळी मुंबई इलाख्यात नव्हती. तेव्हा दारोदार हिंडण्याने सर्व काही होते, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र सर विठ्ठलदासांनी पंधरा लक्ष दिले ते एका चालत्या संस्थेस, आणि ती चालती राहिली होती दोन-दोन आण्यांवर. पुढे सत्तरी ओलांडल्यावर १९२९-३० साली अण्णासाहेब युरोप, अमेरिका व जपान हिंडून आले, मग आफ्रिकेसही गेले, आणि सर्वत्र झोळी पुढे केली.

ह्या सर्वांत आम्हांस सर्वांत अधिक भिडणारी हकीकत १९३६ ची आहे. वय अठ्ठ्याहत्तर. विद्यापीठ उभे राहिले, हिंगणे उभे राहिले. कोणीही विसावा घेतला असता. अण्णासाहेबांनी त्या वर्षी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. ज्या खेड्यांत शाळा नाही तेथे शाळा काढावयाची, आणि तिचा खर्च लहान लहान वर्गण्यांतून चालवावयाचा. ह्यासाठी ते पुन्हा पुण्याच्या पेठांतून पायी हिंडू लागले, घरोघर, आण्या-दोन आण्यांसाठी. चाळीस वर्षांपूर्वी ज्या दारांतून ते परत फिरले होते, त्यांतील कित्येक दारांवर आता मुलगे-नातू उभे होते. १९४४ साली त्यांनी जातिभेद मोडण्यासाठी समता संघ काढला. १९५८ साली, वयाची शंभर वर्षे पुरी झाली तेव्हा, राष्ट्राने त्यांस भारतरत्न ही पदवी दिली आणि १९६२ च्या नोव्हेंबरात, एकशे चार वर्षांचे होऊन, ते गेले. त्यांच्या जन्मदिनाचा एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे : ते जन्मले १८ एप्रिलास, आणि १९५१ साली तेलंगणातील पोचमपल्लीस विनोबांस भूदानाची पहिली शंभर एकर जमीन मिळाली तीही १८ एप्रिलासच. विनोबांनी पायी चालून जमीन मागितली. मागण्याची ही रीत महाराष्ट्रातील माणसास परकी वाटण्याचे कारणच नव्हते.

ह्या इतिहासातून आपल्या कार्यकारिणीत एक प्रश्न निघाला आणि तो तरुणांनीच काढला. अण्णासाहेब सर्वांच्या दारी गेले. आपण वर्षानुवर्षे फक्त ज्ञातिबांधवांच्या दारी जातो, आणि निधीही ज्ञातीतील विद्यार्थ्यांसच देतो. पदयात्रेत मुले आपल्या कचेरीतील व शेजारच्या लोकांकडून वचने घेणार. ते सर्व आपल्या ज्ञातीचे थोडेच असणार? त्यांचा पैसा घ्यावयाचा आणि त्यांच्या मुलांस मात्र अर्ज करू द्यावयाचा नाही, हे कसे? चर्चा तीव्र झाली. एका बाजूने असे म्हणणे पडले की, ज्ञातिसंस्था ज्ञातीसाठीच असते; कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या ज्ञातींची वसतिगृहे निघावीत म्हणून साहाय्य केले, ते ह्याच समजुतीने. दुसऱ्या बाजूने कर्मवीर भाऊराव पाटलांचा दाखला देण्यात आला. घरोघरची मूठ-मूठ धान्य जमवून त्यांनी साताऱ्यास जे वसतिगृह चालविले, त्यात सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवत. आम्ही स्वतः आरंभी पहिल्या बाजूस होतो. मुरुडच्या त्या ठरावाविषयी वाचल्यानंतर मात्र आम्हांस हात वर करणे जड गेले. शेवटी ठरले ते असे की, पदयात्रेतून जमणाऱ्या रकमेचा वेगळा हिशोब ठेवावा आणि तेवढ्या रकमेपुरते अर्ज पुण्यातील कोणत्याही गरजू विद्यार्थ्याकडून घ्यावेत. मूळ निधी पूर्वीप्रमाणेच राहील. ठराव मंजूर झाला, पण एकमताने नव्हे. विरुद्ध मत देणाऱ्यांची नावे त्यांच्याच इच्छेवरून कार्यवृत्तात नोंदली आहेत, आणि त्यांतील दोघांनी दुसऱ्याच दिवशी पदयात्रेसाठी आपली वचने पाठविली आहेत.

राहता राहिला रविवारचा प्रश्न. तो आपल्या महिला शाखेने सोडविला. पौषात लग्ने नाहीत, मुंजी नाहीत. भाकड महिना म्हणून ज्यास सगळे नावे ठेवतात, तोच ह्या कामास मोकळा. तेव्हा पौषातील रविवार ठरला. वाट फर्ग्युसन कॉलेजच्या दारापासून एरंडवण्यावरून कर्वेनगरास, हिंगण्याच्या संस्थेच्या आवारापर्यंत. ज्यांस झेपेल त्यांनी परत चालत यावे. पहाटे साडेसहास निघावयाचे, म्हणजे वाहनांची गर्दी होण्यापूर्वी पोहोचता येईल. इतक्यात कोणीतरी आठवण दिली की संक्रांतीची हळदीकुंकवे त्याच सुमारास लागतात आणि रथसप्तमीपर्यंत चालतात. क्षणभर सर्व पुन्हा मोडते की काय असे वाटले. तेव्हा शाखेच्या कार्यवाह भगिनींनी सुचविले की, ह्या वर्षी हळदीकुंकवास प्लास्टिकचे डबे आणि चाळण्या लुटण्याऐवजी वाणाचे पैसे निधीच्या पेटीत टाकावेत, आणि प्रत्येक हळदीकुंकवास एक पावतीपुस्तक न्यावे. ह्यावर एका वयोवृद्ध भगिनींनी, वाण हे वाणच, ते हातात काहीतरी पडल्याखेरीज होत नाही, असा आक्षेप घेतला. बराच वेळ वाद झाला. अखेर तिळगुळाची एक वडी आणि निधीची पावती, असे दोन्ही मिळून वाण द्यावयाचे ठरले आहे. पावतीपुस्तके छापून आली असून ती संस्थेच्या कार्यालयात सायंकाळी पाच ते सातपर्यंत मिळतील.